धापा टाकणारी माती

हंपम्माने काचेच्या दहा थाळ्या एकेक करून खिडकीच्या उजेडात धरल्या. मग चष्मा पुसला आणि पुन्हा पहिल्यापासून धरल्या. पण जे दिसलं होतं त्यात फरक पडला नाही.

थाळ्यांत मातीच्या पातळ पाण्यावर लालसर अन्न वितळवून ओतलं होतं, ते आता खरवसासारखं घट्ट झालं होतं. तुरीच्या मुळांवर गाठी धरून तिला हवेतलं नत्र पुरवणारा जिवाणू या लाल अन्नावर पांढराशुभ्र वाढतो, रंग अंगाला लावून घेत नाही. दुसरा कुणी आगंतुक आत शिरला असेल तर तो रंग पितो आणि लाल होतो. आगंतुक कुठेच नव्हता. गोड, म्हणजे बिनखारट मातीच्या पाच थाळ्यांवर पांढरे ठिपके भिजल्या साबुदाण्यासारखे दाटले होते. खारट मातीच्या पाच थाळ्या मात्र ओस पडल्या होत्या. एकीवर सात ठिपके, एकीवर चार, एकीवर एकही नाही. दोन्ही मात्या सारख्याच पाण्यात कालवलेल्या, सारख्याच पातळ केलेल्या, त्यांत जिवाणू सोडला तोही एकाच बाटलीतला.

आणि हाच जिवाणू खाऱ्या रानात जोमाने जगतो, असा अहवाल चार दिवसांपूर्वी बंगळूरला गेला होता. त्याच्या पावडरीची तीन हजार पाकिटं भरून, शिक्के मारून बाहेरच्या व्हरांड्यात रचून ठेवली होती. बारा जूनला शेतकरी मेळावा होता आणि आज एक तारीख.

सिंधनूरच्या पुढे, डाव्या कालव्याच्या कडेने बूदीहाळ कॅम्प या वसाहतीपर्यंत गेलं की हे जिवाणू-खताचं छोटं केंद्र लागतं. हंपम्माला तिथे एकतीस वर्षं झाली होती. आली तेव्हा ती एकवीस वर्षांची होती. भाताच्या बांधावर नवऱ्याला साप चावला, लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. सासरच्यांनी तिला माहेरी पोचवलं, माहेरच्यांनी कॅम्पात चुलत्याकडे, आणि चुलत्याने केंद्राच्या फाटकापाशी आणून उभं केलं. रोजंदारीवर बाटल्या धुवायचं काम मिळालं. शाळा चौथीपर्यंत झालेली, तीही कन्नडमधून. पण तेव्हाचे मोठे साहेब, गुरुराजाचार म्हणून होते, त्यांनी एकदा पाहिलं की ही बाई धुतलेली प्रत्येक बाटली उजेडात धरून पाहते. त्यांनी तिला मोजमापाच्या नळीपुढे बसवलं.

त्या कामात ती पुढे अशी मुरली, की रायचूरच्या कॉलेजातून पदवीला येणारी पोरं आधी तिच्या हाताखाली घालत. माती श्वास कसा घेते ते मोजणं हे तिचं खास काम. झाकणबंद बरणीत ओली माती ठेवायची, मातीवर अल्कलीच्या पाण्याची एक छोटी कुपी उभी करायची. जिवाणू खातात, जगतात, श्वास सोडतात. तो कर्बवायू कुपीतलं पाणी शोषून घेतं. दुसऱ्या दिवशी कुपी काढायची, त्यात रंगाचा थेंब टाकला की पाणी गुलाबी होतं, आणि वरच्या नळीतून ॲसिड थेंबाथेंबाने सोडत जायचं, गुलाबी रंग मरेपर्यंत. ॲसिड जितकं कमी लागेल तितका मातीने श्वास जास्त सोडला. शेवटचा थेंब कुठला हे ओळखण्यात सगळं कसब असतं. एक थेंब पुढे गेला की आकडा खोटा. हंपम्माचा थेंब पुढे जात नसे.

डॉ. अमरेश हाही तिच्या हाताखालून गेलेला. पंधरा वर्षांपूर्वी आला तेव्हा काडीसारखा होता. पहिल्याच दिवशी नळी तोंडाने ओढताना ॲसिड जिभेवर घेतलं आणि ओरडत सुटला. हिने मान धरून त्याचं तोंड नळाखाली घातलं होतं. तेव्हापासून ती त्याची ‘अक्का’ झाली. दोन वर्षांपूर्वी तो इथेच शास्त्रज्ञ म्हणून आला होता. पहिल्या दिवसापासून ती त्याला ‘सर’ म्हणू लागली, आणि त्याला ते आवडत नसे.

ती थाळ्यांचा ट्रे घेऊन त्याच्या खोलीत गेली.

“सर, हे बघा जरा.”

अमरेश मेळाव्याचा फलक लिहून घेत होता. त्याने मान वर केली, थाळ्या पाहिल्या, आणि त्याच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं.

“हे काय आहे, अक्का?”

“खारट मातीतले. बरण्या लावल्यापासून तिसऱ्या दिवसाचे.”

“अन्न गरम ओतलंत.” त्याने लगेच निकाल दिला. “पोळून मेले सगळे.”

“गरम नव्हतं.”

“दोन्ही मात्यांना एकाच फ्लास्कमधलं ओतलं होतं?”

हंपम्माने ट्रे टेबलावर ठेवला. इथेच पाय अडकत होता. गोड मातीच्या थाळ्या ओतून झाल्या आणि वीज गेली होती. दुसऱ्या फ्लास्कमधलं अन्न तिने गॅसवर वितळवलं होतं. ज्या पाण्याच्या टाकीत ते निववायचं तिचा तापमानाचा काटा विजेअभावी बंद, तेव्हा फ्लास्क गालाला लावून पाहिला. गालाला सोसलं की जिवाणूलाही सोसतं, असं तिला गुरुराजाचारांनी शिकवलं होतं, आणि एकतीस वर्षं ते चुकलं नव्हतं.

“नाही,” ती म्हणाली. “दुसऱ्यातलं ओतलं. पण गालाला लावून बघितलं होतं.”

“गालाला!” अमरेश हसला, पण ते हसू चांगलं नव्हतं. “अक्का, तुमच्या गालावर का मी अहवाल लिहू? पहिल्या दोन दिवसांचा श्वास तुम्हीच मोजलात ना? खारट मातीतला गोड मातीच्या जवळजवळ दुप्पट आला ना? तुमच्याच वहीत आहे. मी सगळ्यांना मिरची भजी आणली त्या दिवशी, तुम्ही दोन खाल्लीत. मेलेला जिवाणू दुप्पट श्वास घेतो होय?”

“त्यापुढे पण मी मोजलंय.”

“कशाला? अहवाल दोन दिवसांचाच होता.”

“बरण्या लावलेल्याच होत्या, म्हणून मोजलं.” तिने वही पुढे केली. “तिसऱ्या दिवशी निम्म्यावर आला. चौथ्या दिवशी त्याच्याही निम्मा. पाचव्या दिवशी तर तुलनेसाठी ठेवलेल्या रिकाम्या बरणीत आणि खारट बरणीत काही फरकच राहिला नाही.”

अमरेशने वही पाहिली. पानं मागे-पुढे उलटली. मग मिटून तिच्या हातात दिली.

“झाकणं सैल झाली असतील. जुनी रबरं आहेत.”

“पाचही बरण्यांची? आणि फक्त खारटच्याच?”

“मग तुमचं म्हणणं काय आहे?”

हंपम्माला शास्त्राची भाषा येत नव्हती. तिने तिला येत होतं तसं सांगितलं. “राईस मिलमधला हमाल बघ. पाठीवर पोतं घेऊन फळीवर चढतो तेव्हा कसा धापा टाकतो? तेव्हा तो घरात बसलेल्या माणसाच्या दुप्पट श्वास घेतो. म्हणून काय तो जास्त धट्टाकट्टा झाला? हे जिवाणू मिठाच्या ओझ्याखाली धापा टाकत होते रे. जीव वाचवायला सगळं खाल्लेलं जाळत होते. तू त्याला जोम म्हणालास.”

‘सर’ आणि ‘तुम्ही’ कधी गळून पडलं ते दोघांनाही कळलं नाही. अमरेशचे कान लाल झाले.

“बाटल्या धुता धुता पीएचडी झाली म्हणायची,” तो म्हणाला.

तिने ट्रे उचलला आणि बाहेर आली.

संध्याकाळी घरी जोंधळ्याची भाकरी थापताना तिचा हात चालेना. अमरेश बोलला त्याचं तिला लागलं होतं, पण त्याहून जास्त सलत होतं ते दुसरंच. तो खरं बोलत असेल तर? त्या दिवशी उकाडा असा होता की खोलीतल्या भिंतीही हाताला गरम लागत होत्या. तापलेल्या गालाला तापलेला फ्लास्क कितीसा कळणार? शिवाय ती एकदा चुकलेली होती. अगदी सुरुवातीच्या काळात, साबण नीट खळाळून न काढता तिने चाळीस फ्लास्क रचून ठेवले होते, आणि गुरुराजाचारांचा आख्ख्या हंगामाचा प्रयोग त्या साबणाने मारला. ते रागावले नव्हते. “कुठली बाटली ते तूच शोध,” एवढंच म्हणाले होते. तिने तीन दिवस प्रत्येक बाटलीत पाणी घालून फेस येतो का ते पाहिलं होतं. माणसाचा हात चुकतो, हे तिच्याइतकं त्या केंद्रात कुणाला ठाऊक नव्हतं.

आणि ती चुकली असेल, तर एका पोराची नोकरी ती आपल्या गालाच्या भरवशावर घालवत होती. बरोबर असेल, तर कालव्याच्या शेपटाकडचे लोक मेलेली पावडर बियाण्याला चोळून पेरणार होते, आणि वर्ष हातचं जाणार होतं.

सकाळी ती थेट केंद्रप्रमुखांकडे गेली. डॉ. वेंकोबराव निवृत्तीला महिना राहिलेला माणूस. सौम्य बोलायचा, आणि कुणाशी वाईटपणा घ्यायचा नाही हे ब्रीद. त्यांनी थाळ्या पाहिल्या, वही पाहिली, आणि अमरेशला बोलावून घेतलं.

“हंपम्मा, आता काय करायचं म्हणतेस? मंत्री येणार आहेत मेळाव्याला.”

“पुन्हा मोजायचं. दहा दिवस आहेत.”

“आणि पुन्हा तुम्हीच ओतणार?” अमरेश म्हणाला.

“नाही. तुम्ही ओता, सर. थर्मामीटर लावून, एकाच फ्लास्कमधून.” ती थांबली. रात्रभर जे मनात घोळवलं होतं ते तिने आता बाहेर काढलं. “आणि कुठली बरणी खारट, कुठली गोड, ते मलाही कळता कामा नये आणि यांनाही. साहेबांनी बरण्या भराव्यात, नंबर टाकावेत, आणि चिठ्ठी आपल्या खिशात ठेवावी. मला वाटतं खारट हरावी, यांना वाटतं जिंकावी. डोळा मनाचं ऐकतो.”

वेंकोबराव खुर्चीत मागे रेलले. “वीस वर्षांत मी माती भरलेली नाही गं.”

“माती तीच आहे, साहेब. तुमच्या हाताला आठवेल.”

खारट माती संपत आली होती. ती ज्याच्या रानातली, त्या दुरुगप्पाला निरोप गेला. कालव्याच्या अगदी शेवटच्या चारीवर त्याची चार एकर होती. कालव्याच्या वरच्या अंगाच्या शेतकऱ्यांनी भाताला पाणी तुंबवून तुंबवून खालच्या रानांत मीठ वर आणलं होतं, आणि उन्हाळ्यात त्याचं रान चुना टाकल्यासारखं पांढरं दिसे. दोन गोणी सायकलला लटकवून तो दुपारी आला.

“अम्मा, पाकिटं माझी बाजूला काढून ठेवलीस ना? आठ पाकिटं सांगितलीत मी. भाऊबंदांना पण सांगून ठेवलंय, या साली तूर पेरा म्हणून.”

“अजून तपासणी चाललीय, अप्पा.”

“आता कसली तपासणी? फलक तर रंगवून झाला!” तो हसून म्हणाला, आणि फलकावरच्या ‘खाऱ्या जमिनीचा सोबती’ या अक्षरांवरून त्याने कौतुकाने बोट फिरवलं.

हंपम्माने त्याला ताक दिलं. डोळ्याला डोळा मात्र दिला नाही.

मातीतले आधीचे जिवाणू मारून ती निर्जंतुक केली आणि चार तारखेला वेंकोबरावांनी दार लावून घेऊन दहा बरण्या भरल्या आणि त्यांत जिवाणू सोडला. एक ते दहा नंबर टाकले, चिठ्ठी सदऱ्याच्या आतल्या खिशात घातली आणि वर सेफ्टी पिन लावली. त्यावर हंपम्माला हसू आलं. पुढचे आठ दिवस तिला आलेलं तेवढंच हसू.

पाच तारखेला तिने पहिली मोजणी केली. अमरेश शेजारी वही घेऊन उभा होता. दोघंही आकड्यांपलीकडे एक शब्द बोलत नव्हते. नळीतून थेंब सुटे, कुपी फिरे, गुलाबी रंग एका बाजूने विरत जाई आणि पुन्हा भरून येई. मग एका थेंबाला तो गेला की परत येत नसे. “बारा पूर्णांक चार,” ती म्हणे. तो लिही. दहा आकडे झाले तेव्हा दोघांनाही दिसलं की पाच बरण्यांनी खूप श्वास सोडला होता आणि पाचांनी बेताचा. दुसऱ्या दिवशीही तसंच.

“पहिल्यासारखंच आहे,” अमरेश म्हणाला. त्याच्या आवाजात थोडा जीव आला होता.

“हो. पहिल्यासारखंच,” ती म्हणाली.

सात तारीख तिसरा दिवस. त्या दिवशी श्वासही मोजायचा आणि थाळ्याही ओतायच्या. अकरा वाजता वीज गेली. पंखे थांबले, आणि बाहेर कॅम्पातल्या भोंग्यावर चाललेलं गाणं मधेच तुटलं. यावेळी अमरेशने आधीच दोन स्टोव्ह मांडले होते. पाण्याच्या भांड्यात थर्मामीटर उभा करून तो पाऱ्याकडे डोळे लावून बसला. पंचेचाळीसवर पारा आल्याशिवाय त्याने फ्लास्कला हात लावला नाही. घाम नाकाच्या शेंड्यावरून थाळीत पडेल म्हणून हंपम्मा त्याच्या कपाळाला फडकं लावत होती. पंधरा वर्षांपूर्वी हा हात थरथरायचा. आता तो स्थिर होता, आणि ते तिनेच शिकवलेलं होतं.

थाळ्या ओतून झाल्या आणि ती कुप्या काढायला वळली. तीन नंबर झाला. चार नंबरच्या बरणीत हात घातला तेव्हा बोटं घामाने ओली होती. कुपी निसटली, कलंडली, आणि अर्धं पाणी मातीत गेलं.

अमरेश तेव्हा नळाशी हात धूत होता, पाठ इकडे होती. कुपीत उरलेल्या पाण्यावरही एक आकडा निघाला असता. चिठ्ठी उघडल्यावर त्या आकड्याने कुणाची बाजू बळावली असती, हे तिला जागच्या जागी कळलं नाही. पण आकडा निघाला असता, आणि कुणी विचारलं नसतं.

ती वेंकोबरावांच्या दारात गेली. “साहेब, चार नंबर काढून टाका. माझ्या हातून सांडली.”

अमरेश ओले हात घेऊन मागे आला होता. “किती सांडली?”

“अर्धी. आणि अल्कली मातीत गेली, म्हणजे ती मातीही गेली आता.”

“उरलेल्यातून हिशेब करता येईल की,” वेंकोबराव म्हणाले. “दहाच तर बरण्या आहेत.”

“नाही येणार, साहेब.” हे अमरेश म्हणाला. “अक्का बरोबर सांगतायत. नऊवर चालवू.”

खोलीत परतल्यावर तो खालच्या आवाजात म्हणाला, “मी बघितलं नव्हतं.”

“ठाऊक आहे.”

“मग सांगितलंत कशाला?”

“मी बघितलं होतं ना,” ती म्हणाली आणि पाच नंबरची कुपी नळीखाली धरली.

त्या दिवसापासून मोठ्या श्वासाच्या बरण्या उतरू लागल्या. तिसऱ्या दिवशी त्या बाकीच्यांच्या बरोबरीला आल्या, चौथ्या दिवशी खाली गेल्या. पाचव्या दिवशी त्यांनी रंगाची दुसरी परीक्षा घेतली. चमचा-चमचा माती नळ्यांत घेऊन त्यात एक बिनरंगी औषध घालायचं. जिवंत जिवाणूचा संसार चालू असेल तर तो त्या औषधाला लाल करतो. जितकं जगणं जास्त, तितका रंग गडद. नळ्या चोवीस तास झाकून ठेवल्या. दहा तारखेला काढल्या तेव्हा पाच नळ्या डाळिंबाच्या दाण्यासारख्या लाल होत्या. चार नळ्यांतली माती तशीच, ओल्या राखेच्या रंगाची.

अमरेशने त्या चार नळ्या स्टँडमधून काढल्या, हलवल्या, परत ठेवल्या. पुन्हा काढल्या.

“यातल्या गोडही असू शकतात,” तो म्हणाला. “चिठ्ठी उघडलेली नाही अजून.”

“असू शकतात,” हंपम्मा म्हणाली. तिलाही तेवढीच आशा करावीशी वाटली. त्या आठवड्यात तो नीट जेवला नव्हता. तिने आणलेली शेंगाचटणी-भाकरी तो दोन घास खाऊन बाजूला सारी.

अकरा तारखेला सकाळी थाळ्या मोजल्या. एका थाळीचे ठिपके तिने मोजायचे, मग त्याने मोजायचे, मग दोघांचे आकडे ताडून पाहायचे. कुठेही दोन-तीनहून जास्त फरक आला नाही. मग वेंकोबरावांनी सेफ्टी पिन काढली. चिठ्ठी घामाने मऊ झाली होती. ते वाचू लागले आणि अमरेश वहीत समोर खूण करू लागला.

“एक, गोड. दोन, खारट. तीन, खारट. चार...”

“चार नको,” दोघं एकदमच म्हणाले.

“पाच, गोड. सहा, गोड. सात, खारट...”

दहापर्यंत वाचून होण्याआधीच अमरेशने पेन खाली ठेवलं होतं. चारही राखाडी नळ्या खारट. चारही ओस थाळ्या खारट. जिथे हजार जिवाणू सोडले होते तिथे तिसऱ्या दिवशी एखादाच उरला होता.

 हंपम्माला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं, पण तिने त्या चार नळ्यांवर फडकं टाकलं.

“माझा अहवाल...” अमरेश म्हणाला.

वेंकोबरावांनी चिठ्ठीची घडी केली, उलगडली, पुन्हा केली. “बघ, पाकिटातला माल वाईट नाही. गोड मातीत तो छान जगतो, हे तुमच्याच थाळ्या सांगतायत. उद्याचा दिवस निभावून नेऊ. मंत्री जातील, मग हळूच एक पत्रक काढू. खाऱ्या रानासाठी नाही म्हणून.”

“पत्रक निघेपर्यंत दुरुगप्पाची पेरणी झालेली असेल, साहेब,” हंपम्मा म्हणाली.

“मग मी काय करू, हंपम्मा? महिना राहिलाय माझा!”

 यावर उत्तर देणं तिचं काम नव्हतं. ती अमरेशकडे पाहत राहिली. तो खिडकीबाहेर व्हरांड्यातल्या पाकिटांच्या थप्पीकडे पाहत होता.  मग तो उठला, कोपऱ्यातला पांढऱ्या रंगाचा डबा आणि कुंचला उचलला आणि बाहेर गेला. दोघं दारापर्यंत आली तेव्हा तो उन्हात उकिडवा बसून फलकावरच्या अक्षरांवर पांढरा हात मारत होता.

मेळाव्यात दुसऱ्या दिवशी तोच बोलायला उभा राहिला. मंडपात सात-आठशे लोक होते, पहिल्या रांगेत मंत्री. त्याने लांबण लावली नाही. हे खत गोड रानातल्या तुरीला वापरा, खाऱ्या रानात वापरू नका, तिथे हा जिवाणू मरतो. आम्ही आधी तो जगतो असं सांगितलं होतं. ते माझं चुकलं होतं. एवढं बोलून तो खाली बसला.

 मग मागून आवाज उठला. “मग आम्हाला बोलावलं कशाला? जेवायला?” दुसरा कुणी म्हणाला, “वरच्यांना पाणी, वरच्यांनाच खत! आमच्या वाट्याला मीठ!” हशा झाला, आणि त्या हशात राग होता. मंत्र्यांनी कपाळाला आठी घालून वेंकोबरावांकडे पाहिलं. वेंकोबराव बुटांकडे पाहत राहिले.

दुरुगप्पा पाकिटांच्या टेबलाशी आला. तिथे हंपम्मा उभी होती.

“भाऊबंदांत तोंड काळं केलंस माझं, अम्मा. ताक पाजलंस त्या दिवशी, तेव्हाच सांगायचं होतंस.”

“तेव्हा मला ठाऊक नव्हतं, अप्पा. संशय होता. संशयावर कसं सांगू?”

“आणि आज कसं ठाऊक झालं?”

तिने त्याला हमालाचंच सांगितलं. तुझ्या मातीत हे जिवाणू पोतं घेऊन फळी चढतात, दोन दिवस जोरात धापा टाकतात, आम्ही धापांनाच ताकद समजलो, तिसऱ्या दिवशी ते पडतात. दुरुगप्पा ऐकून घेत राहिला. तो स्वतः पूर्वी मिलमध्ये पोती वाहिलेला होता.

“एकदम शंभर किलो दिलं तर कुणीही पडेल,” तो चिडूनच म्हणाला. “आम्हाला पण पहिल्या महिन्यात मुकादम अर्धं पोतं द्यायचा. अंगाला सवय होऊ द्यावी लागते.” आणि रिकामी पिशवी झटकून निघून गेला.

अमरेश मागे उभा होता, त्याने ते ऐकलं. ताणाला सरावलेला जिवाणू पुढचा मोठा ताण सोसतो हे त्याने पुस्तकात वाचलेलं होतं. पण त्या आठवड्यात त्याच्या डोक्यात ते आलं नव्हतं.

पुढचं वर्ष सोपं गेलं नाही. बंगळूरला त्याने स्वतः दुरुस्तीचं पत्र पाठवलं. त्याची बढती दोन वर्षं अडली, आणि नवीन प्रमुख आले ते त्याला ‘पांढरा रंगवाला’ म्हणत. पण एका बाजूला तो आणि हंपम्मा जिवाणू वाढवायच्या रसात चिमटी-चिमटीने मीठ चढवत होते. दर आठवड्याला थोडं जास्त. दर पायरीला बरण्या, कुप्या, लाल नळ्या, थाळ्या. आता वहीत नुसता श्वास लिहीत नसत. शेजारी जिवंत जिवाणू किती तेही लिहीत, आणि एका जिवाणूमागे किती श्वास पडला याचा भागाकार तिसऱ्या रकान्यात. तो भागाकार वर गेला की हंपम्मा म्हणे, “दमले. या आठवड्यात ओझं वाढवू नका, सर.”

“सर म्हणू नका हो, अक्का.”

“बरं, सर.”

चौदा महिन्यांनी, मिठाला सरावलेल्या जिवाणूंपैकी दहात एक खारट मातीत आठवडाभर टिकू लागला. आधी तीन दिवसांतच हजारात एक उरत होता. चमत्कार म्हणावा असं ते नव्हतं, आणि अमरेशने तसं कुठे लिहिलंही नाही. त्याने लिहिलेल्या निबंधात दोन नावं होती. दुसरं ‘हंपम्मा, प्रयोगशाळा साहाय्यक’. मासिकवाल्यांनी आडनाव विचारलं तेव्हा तिने बूदीहाळ सांगितलं, कारण नवऱ्याचं ती केव्हाच विसरली होती आणि चुलत्याचं लावायची तिची इच्छा नव्हती.

त्यानंतरच्या खरिपात ते दोघं मोटरसायकलवर बियाणं चोळायचं खत घेऊन दुरुगप्पाच्या रानात गेले. दुरुगप्पाने आधी बसायलाही सांगितलं नाही. मग एका एकराला हो म्हणाला, तेही बांधाकडच्या. ऑगस्टमध्ये ते परत गेले, रोपं उपटली, मुळं बादलीत धुतली. हंपम्मा ओल्या मातीत मांडी घालून बसली आणि नखाने गाठी फोडून आतला रंग पाहू लागली. आतून गुलाबी असेल तर गाठ कामाची.

बांधाच्या उंचवट्यावरच्या रोपांना गाठी होत्या, आणि बऱ्याचशा गुलाबी होत्या. खोलगट भागात, जिथे मीठ पांढरं फुटलं होतं, तिथल्या मुळांवर काहीच नव्हतं.

“अर्धं आलं,” अमरेश म्हणाला.

“अर्ध्याहून थोडं कमी,” हंपम्मा म्हणाली. “नीट मोजून लिही.”